बुवांची पट्टी

बुवा बारच्या स्टेजवर चढताना चपला काढायचे. स्टेज म्हणजे तरी काय, लाकडी फळ्यांवर ठोकलेला लाल गालिचा, आणि त्यावर कोणाच्या तरी ग्लासातलं सांडलेलं वाळून काळे पडलेले डाग. पण बुवा चपला खाली जोडून ठेवायचे, उजव्या हाताने फळीला स्पर्श करायचे, तो हात कपाळाला लावायचे आणि मगच माइकपाशी जायचे. नवीन गिऱ्हाईक असलं की हसायचं. एकदा एकाने विचारलंच, की इथं देव कुठे बसवलाय. बुवा शांतपणे म्हणाले, "दारू टेबलावर हाय. इथं नाय." तो माणूस पुढे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक झाला आणि बुवा स्टेजवर असेपर्यंत ग्लास उचलून स्टेजजवळ यायचा नाही.

पनवेलमध्ये बारमध्ये गाते असं एखाद्या बाईने सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी एक पडदा पडतो आणि मग तो विषय बदलतो. माझ्या आईने विषय बदलला नव्हता, पण तिने नातेवाइकांना सांगताना 'हॉटेलात कार्यक्रम असतो' असं एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. त्यावर माझ्या मावशीने, हॉटेलात भजन असतं का, असं अगदी भाबडेपणाने विचारलं. मी दिवसभर कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसायचे आणि शुक्रवार-शनिवार संध्याकाळी जुन्या हायवेजवळच्या मधूशेठच्या हॉटेलात गायचे. खाली परमिट रूम, वर फॅमिली हॉल, आणि हॉलच्या टोकाला आमचं ते स्टेज. लोखंड बाजारातले व्यापारी, आखातातून सुट्टीवर आलेले लोक, वाढदिवस साजरा करायला आलेली आख्खी कुटुंबं, असा सगळा मेळा असायचा. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर 'असतं' असंच होतं, कारण आमच्याकडचे मुख्य गायक गावच्या देवळातले बुवा होते.

त्यांचं नाव काशिनाथ. शिरढोणच्या बाजूच्या एका आगरी गावातले. तिथल्या देवळात सप्ताहाला भजन, लग्नसराईत हळदीची गाणी आणि आठवड्याचे दोन दिवस आमचं हॉटेल, असा त्यांचा संसार होता. अंगाने बारीक, पांढरा शर्ट, कॉलरच्या आत दुमडलेला रुमाल. दारूचा थेंब कधी घेतला नाही, पण गाण्याआधी तळलेले बोंबील मात्र लागायचेच. तेलकट खाऊन गळा बसतो, असं मी एकदा पुस्तकी ज्ञान पाजळलं तेव्हा ते म्हणाले, समुद्राचं खाऊन आवाज बसत असता तर आमच्याकडे सगळे मुकेच जन्मले असते. बोंबील संपल्यावर बशी स्वतः नेऊन स्वयंपाकघरात द्यायचे. वेटरला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. हॉल रिकामा, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आतून मसाला परतल्याचा वास. मी चांगली तयारी करून गेले होते. शाळेपासूनची बक्षिसं, गाण्याच्या परीक्षा, सगळं जिभेच्या टोकावर होतं. बुवांनी मला गायला सांगितलंच नाही. चहा घेणार का, साखर किती, कुठून आलीस, तुमच्या रोडपालीत पाणी येतं का रोज, असल्या चौकशा केल्या. मी आपली उत्तरं देत होते आणि मनात चिडत होते. चहा संपता संपता त्यांनी कीबोर्डवर बसलेल्या सलीमभाईंना सांगितलं, "बायचं काळी चार."

मला राग आला. गाणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याचा सूर कुठे उभा राहतो ती जागा. पेटीवरची कुठली पट्टी दाबून 'सा' धरायचा, हे गाणाऱ्याला स्वतःला वर्षानुवर्षं गाऊन कळतं. आणि या माणसाने ती पाण्याच्या चौकशीवरून ठरवली. मी मुद्दाम काळी पाचवर गायले. चार ओळी गेल्या, वरच्या सुरावर माझा आवाज पत्र्यावर नखं ओढावीत तसा झाला. सलीमभाईंनी माझ्याकडे न बघता काळी चार लावली आणि गाणं असं सरळ निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांची 'बाय' झाले.

हीच त्यांची कामाची रीत होती. आमच्या हॉटेलात शनिवारी गिऱ्हाइकांना गाऊ द्यायचे. दोन घोट पोटात गेले की माणसाला आपण गायक असल्याचं आठवतं, हे काही नवीन नाही. इतर ठिकाणी अशा माणसाच्या हातात माइक देतात, तो मूळ गाण्याच्या पट्टीत किंचाळतो, मित्र हसून टाळ्या वाजवतात आणि तो घामाघूम होऊन जागेवर जाऊन बसतो. बुवा आधी टेबलांमधून एक चक्कर मारायचे. कोणाशी न बोलता फक्त ऐकायचे. माणूस सुरमई मागवताना, बायकोशी कुजबुजताना, फोनवर ड्रायव्हरला झापताना कुठल्या सुरात बोलतो ते त्यांच्या कानात जमा व्हायचं. मग तो माणूस स्टेजवर आला की बुवांचा हात पाठीमागे जायचा, बोटं हलायची आणि सलीमभाई पट्टी बदलायचे. गाणाऱ्याला पत्ताच नसायचा. त्याला एवढंच वाटायचं, की आज आपला आवाज काय लागलाय. शिवाय तो अडखळला तर सावरायला बुवा त्याच्या शेजारी उभे राहून, त्याच्याच पट्टीत, हळू आवाजात गात राहायचे.

लोखंड बाजारातले एक शहाशेठ होते, भंगाराचा मोठा धंदा. माणूस बोलायचा तेव्हा ट्रक रिव्हर्स घेतल्यासारखा आवाज. एका शनिवारी बायकोला घेऊन आले आणि मित्रांनी ढकलत स्टेजवर आणलं. बुवांनी पट्टी इतकी खाली नेली की सलीमभाईंनी भुवया वर केल्या. शहाशेठ गायले. अप्रतिम वगैरे नाही, पण स्वच्छ, प्रत्येक शब्द कळत होता. त्यांची बायको ताटातला घास तसाच धरून बघत राहिली. नंतर हात धुवायच्या जागी मला भेटली आणि म्हणाली, की लग्नाला इतकी वर्षं झाली, हे घरी गात का नाहीत. घरी बुवा नव्हते.

असंही नाही की सगळ्यांना हे पटायचं. एका तरुण बिल्डरला कोणीतरी पट्टी उतरवल्याचं सांगितलं आणि त्याला तो अपमान वाटला. मला ओरिजिनल पट्टीतच पाहिजे, असं तो माइकवरून म्हणाला. बुवांनी मान डोलावून सलीमभाईंना मूळ पट्टी लावायला सांगितली. कडव्यापर्यंत पोचेस्तो त्या मुलाच्या मानेच्या शिरा मोजता येत होत्या. त्याने स्वतःच हात वर केला. बुवा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ज्यानं गायलं त्याची ती ओरिजिनल. तुझी ओरिजिनल तुझ्याकडं हाय. बस, पानी पी, मग शोधू." आणि खरंच अर्ध्या तासाने त्याला परत उभं केलं.

गावात मात्र त्यांच्यावर वाईट वेळ आली होती. भजनी मंडळातल्या जुन्या लोकांनी सांगितलं, बारमध्ये गाणाऱ्याने देवळात पुढे बसू नये. बुवांनी वाद घातला नाही. पुढच्या एकादशीपासून मागे, दाराजवळ टाळ घेऊन बसायला लागले. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्यापेक्षा जास्त संतापले. ते बोंबलाचा काटा काढत म्हणाले, "दोनी ठिकानी मानूस मन मोकलं करायला येतो, बाय. तिथं हातात टाल देतात, इथं ग्लास. मला दोन्ही माहीत हायेत, त्यांना येकच." आणि मग म्हणाले, की दाराजवळ वारा चांगला लागतो.

पट्टीची ही रीत त्यांनी उचलली कुठून, हे मला एका पावसाळी संध्याकाळी समजलं. हायवेवर पाणी भरल्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही तिघं रिकाम्या हॉलमध्ये बसलो होतो. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नात भटजी मंत्र म्हणतो, पण लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांनी. ती ओळ धरते आणि मांडवातल्या बायका मागून म्हणतात. बुवा म्हणाले, आई मांडवात गेली की आधी सगळ्या म्हाताऱ्यांशी बोलायची. गुडघे कसे आहेत, सून बरी वागते का. त्यातून तिला कळायचं आज कोणाचा आवाज सगळ्यांत खाली आहे. तिच्या पट्टीत ती गाणं धरायची. एकदा नवरीच्या आत्याचा आवाज दम्याने पार बसलेला होता. आईने पट्टी इतकी उतरवली की तरण्या पोरी कुरकुरायला लागल्या, आमचा आवाजच निघत नाही म्हणून. आईने गाणं न थांबवता त्यांच्याकडे बघितलं आणि नंतर सांगितलं, "पोरी काय, पोरी उद्याबी गातील. आत्याला आज गायचंय."

प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी बुवा आईचं एक हळदीचं गाणं म्हणायचे. बारमध्ये हळदीचं गाणं म्हणजे आधी लोकांना गंमत वाटायची, मग सवय झाली, मग ते म्हटल्याशिवाय कोणी बिल मागेना. साधी चाल. प्रत्येक ओळ वर चढून शेवटी खालच्या सुरावर येऊन बसते. बुवा म्हणायचे, की त्या खालच्या सुरावर म्हाताऱ्यांनी टेकायचं असतं. ओळ पहिल्यांदा ते म्हणायचे, दुसऱ्यांदा आख्खा हॉल.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला, आणि ती सलीमभाईंनी दाखवून दिली. सलीमभाई पनवेलचेच, कोकणी मुसलमान. बरीच वर्षं आखातातल्या हॉटेलांत वाजवून परत आले होते आणि बुवांना सोडून कोणाचंही ऐकायचे नाहीत. बुवांचा आवाज त्या सुमारास वरच्या सुरांवर फाटायला लागला होता. मी म्हटलं, वय झालं. सलीमभाई कीबोर्डला कापड गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वय नाही, ताई. बुवांचा गळा काळी एकचा. तुझ्याबरोबर द्वंद्वगीत आलं की काळी चारवर लटकतात. शहाशेठबरोबर विहिरीत उतरतात. आख्ख्या हॉलची पट्टी त्यांनी शोधली, स्वतःच्या पट्टीत कधी गायले ते आठव." मी आठवायला लागले. आईचं गाणंसुद्धा ते हॉलला जमेल अशा पट्टीत घ्यायचे.

मी त्याच आठवड्यात हट्ट धरला, की द्वंद्वगीतं खाली घेऊ. बुवांनी साफ नकार दिला. तू खाली आलीस तर तुझा आवाज दिसत नाही, म्हणाले. मी त्यांना त्यांच्याच आईचा नियम सांगितला, की ज्याचा आवाज खाली त्याच्या पट्टीत धरायचं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. सगळ्यांचे आवाज मोजताना या माणसाने आपला आवाज त्यात धरलाच नव्हता. इतका कानाचा पक्का माणूस आणि इतकी सोपी बेरीज चुकला.

पुढे बोलतानाही आवाज घोगरा यायला लागला तेव्हा मी आणि सलीमभाई त्यांना घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नळी घालून बघितलं, स्वरयंत्रावर गाठ होती. आवाज ताणून गाणाऱ्यांना अशी गाठ येते, असं सांगून त्यांनी विचारलं, "तुम्ही नेहमी कोणाच्या आवाजात गाता?" बुवांनी थोडा विचार करून प्रामाणिकपणे सांगितलं, की जो येईल त्याच्या. बाई हसल्या नाहीत. ऑपरेशन करावं लागेल, त्याआधी आणि नंतर पूर्ण मौन, आणि परत गाता येईल की नाही ते आज सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाहेर आल्यावर बुवांनी पहिल्यांदा माझा हात धरला. जिना उतरेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मौनातले बुवा बघवत नसत. तरी ते शनिवारी यायचे, कोपऱ्यातल्या टेबलावर लिंबू सरबत घेऊन बसायचे. मधूशेठ माणूस वाईट नाही, पण हॉल चालवायचा होता. त्याने कॅरिओकेचं मशीन आणलं. भिंतीवर गाण्याच्या ओळी पळायच्या आणि लोक त्यांच्यामागे धावायचे. त्या स्वस्तातल्या मशीनला एकच पट्टी, मूळ गाण्याची. कोणी वर चढताना फाटला की बुवांचा पाठीमागचा हात आपोआप हलायचा, दोन बोटं, तीन बोटं. ती बोटं बघायला तिथे कोणी नव्हतं. मला रडू यायचं आणि मी बाहेर जाऊन उभी राहायचे.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्याबद्दल देवाचे, दर्ग्याचे, ज्याचे त्याचे आभार मानून झाले. काही महिन्यांनी आवाज परत आला, पण तो बुवांचा नव्हता. खोल, खरखरीत, कोरड्या पानांवरून कोणी चालत यावं तसा. तीन-चार सुरांपलीकडे जाईना. गावातल्या भजनात ते आता टाळही वाजवेनासे झाले, असं कळलं. गायचं नसेल तर वाजवून काय करू, असं बायकोला म्हणाले म्हणे.

मी मधूशेठला सांगितलं, एक शनिवार मशीन बंद ठेवा. सलीमभाईंना बोलावलं. बुवांना निरोप पाठवला, की नुसतं ऐकायला या. ते आले. तोच पांढरा शर्ट, कॉलरमध्ये रुमाल, कोपऱ्यातलं तेच टेबल. मी स्टेजवर जायच्या आधी त्यांच्याजवळ जाऊन बसले. चहा घेणार का, गुडघे कसे आहेत, सूनबाई काय म्हणते, असल्या चौकशा केल्या. ते खरखरत उत्तरं देत होते आणि मी ऐकत होते. मध्येच ते थांबले आणि माझ्याकडे रोखून बघायला लागले. त्यांना कळलं असणार. ते काही बोलायच्या आत मी उठले.

ही आमची शेवटची भेट ठरणार, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी दिवाळीआधी बुवा झोपेतच गेले. घशाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्या शनिवारी कार्यक्रमाच्या शेवटी मी त्यांच्या आईचं गाणं घेतलं. हात पाठीमागे नेला आणि बोटं हलवली. सलीमभाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी पट्टी लावली. मी गायला लागले तेव्हा हॉलमध्ये चुळबुळ झाली, कारण एवढ्या खाली बाईचा आवाज कोणी ऐकला नव्हता. ओळ वर चढली तिथपर्यंत मी होते. मग ती उतरायला लागली आणि शेवटच्या खालच्या सुरावर माझा आवाज संपला, नुसती हवा निघाली. लोकांनी ओळ परत म्हटली, पण त्या सुरावर तेही गळाले. शहाशेठ पुढच्याच टेबलावर होते, तेवढे एकटे पोचले आणि लाजून गप्प झाले.

दुसऱ्या ओळीला मी पुन्हा तिथे आले आणि पुन्हा माझा आवाज गेला. त्या रिकाम्या जागेत कोपऱ्यातून सूर आला. खरखरीत, पण बरोबर जागेवर, आणि टेकलेला. कोणी मागे वळून बघितलं नाही. त्यांना बघितलं तर ते थांबतील, असं आख्ख्या हॉलला कसं कळलं कोण जाणे. पुढच्या प्रत्येक ओळीला आम्ही वर जायचो, खाली येऊन गप्प व्हायचो आणि शेवटचा सूर बुवा लावायचे. गाणं संपेपर्यंत असंच चाललं.

मी उतरून त्यांच्याकडे गेले. ते डोळे पुसत होते आणि रागावलेलेही होते.

"बाय, लय खाली धरलंस. तुझा आवाजच नाय आला."

मी म्हटलं, "माझा उद्याही येईल, बुवा."

मग उठायला म्हणून त्यांनी पाय टेबलाखाली इकडे तिकडे फिरवला आणि काही सापडेना, तेव्हा मी वाकून बघितलं. त्यांनी चपला काढून भिंतीशी जोडून ठेवल्या होत्या.